फटफटीचा कासरा

इंझोरीहून परत आल्यापासून आळीतल्या बाया विचारतात, फटफटीवर बसून माहेरी जायला कसं वाटलं? मी प्रत्येकीला एकच उत्तर देते, "धूळ लय असते." चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि जे झालं ते मलाच अजून पुरतं उमगलेलं नाही. म्हणून, ज्या गेल्या नाहीत त्यांना सांगतेय असं धरून वहीत लिहिते. वही कोणाला दाखवणार नाही.

आमचे हे वाशीमच्या एका जीनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर आहेत. कापसाचा हंगाम संपला, चैत्रात जीन बंद झाली. मालकाची फटफटी वर्षभर गोदामात पडून होती. ती यांनी खोलली, पुसली आणि चालू करून दिली. मालक खूश झाले. म्हणाले, चार दिवस फिरवून पाहा, वाटेत बंद पडत नाही याची खात्री करून आणा. मी तीन वर्षं माहेरी गेले नव्हते. बैलगाडीने इंझोरीला जायचं म्हणजे जाण्यायेण्यातच सुट्टी सरते. सासूबाई कशाबशा हो म्हणाल्या.

एक गोष्ट इथे लिहायलाच हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी जीनमध्ये लोखंडाचा बारीक कण यांच्या डाव्या डोळ्यात गेला. तेव्हापासून त्या बाजूचं यांना धुक्यातल्यासारखं दिसतं. मालकाला हे ठाऊक नाही. सासूबाईंनाही नाही. मला ठाऊक आहे, कारण जेवताना ताटातली डावीकडची चटणी हे बोटाने चाचपतात.

वाशीम ते मंगरूळ

निघायच्या आदल्या दिवशी जो तो जनावरांविषयी सांगून गेला. उन्हाळ्यात शेतं रिकामी असतात, गुरं मोकळी सोडलेली असतात, आणि त्यांना सडक काय नि शेत काय, सारखंच.

सासूबाई म्हणाल्या, "म्हैस दिसली तं उतरून जा. म्हैस सरकत नाई. तिले वाटते रस्ता तिच्या बापाचा हाय."

शेजारचा गाडीवान म्हणाला, "बैलाजवळून जाताना इंजन बंद करजा, नाई तं बैल गाडीसकट नालीत जातीन."

दूधवाला म्हणाला, "बंद कायले करता? जोरात वाजवा. आवाजानं जनावर आपोआप बाजूले होते."

कुत्र्यांबद्दलही दोन मतं होती. एकाचं, लाथ दाखवावी. दुसऱ्याचं, भाकर फेकावी. मी एक शिळी भाकर लुगड्याच्या पदरात बांधून घेतली.

पहाटे निघालो. मागच्या लोखंडी जाळीवर उशी बांधली होती, तिच्यावर मी एका अंगाने बसले. यांच्या कमरेला हात घालायचा तर वाटेतल्या लोकांनी काय म्हटलं असतं? मी दोन्ही हातांनी कोटाच्या दोन बाजू धरल्या.

हे म्हणाले, "मी समोर पाहीन, तू बाजूनं पाहत राह्य. ढोर दिसलं का मले कळव."

कसं कळवू? इंजिनाच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू जात नाही आणि मोठ्याने मी घरातही बोलत नाही. नावाने हाक मारायचा तर प्रश्नच नव्हता. हे क्षणभर विचार करून म्हणाले, "तू कोट तं धरूनच राह्यली. ढोर दिसलं का ओढ. डावा नाई तं उजवा, पाहून ओढ. समजलं ना?"

"समजलं," मी म्हणाले. आणि मला खरंच समजलं असं वाटलं. लहानपणी बाबांबरोबर मी किती वेळा गाडी हाकली आहे. कासरा हातात असला की दुसरं काय समजायचं असतं?

गाव संपल्यावर पहिलं जनावर भेटलं ते गाढव. उजव्या कडेला उभं होतं, सडकेकडे तोंड करून, काही तरी आठवत असल्यासारखं. मी डावी बाजू ओढली. फटफटी एकदा उजवीकडे झुकली, एकदा डावीकडे, मग मधोमध थरथरत गाढवाच्या नाकापुढून गेली. गाढव हललं नाही. थोडं पुढे जाऊन यांनी फटफटी थांबवली.

"डावीकडे काय होतं वं?"

"काही नव्हतं."

"मंग ओढलं काहून?"

"गाढव होतं म्हणून."

"गाढव तं उजवीकडे होतं."

"हो ना," मी म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. यांना वाटलं, माझं डावं-उजवं चुकतंय. मलाही वाटलं, चुकतच असेल, एवढ्या वेगात आजवर मी कधी बसले नव्हते. "बरं," म्हणून यांनी लाथ मारून फटफटी पुन्हा सुरू केली.

पुढे एका पडीक विहिरीपाशी कुत्रं मागे लागलं. मी पदर सोडून भाकर फेकली. कुत्र्याने भाकरीकडे ढुंकून पाहिलं नाही आणि मैलभर आमच्या मागे आलं. दुपारी परतलं असेल तर भाकर त्याला मिळाली असेल.

एका ठिकाणी शेळ्या होत्या. तिथे हे स्वतःच थांबले. पहिली शेळी गेली, मग बाकीच्या तिच्यामागून एकेक, जणू सगळ्यांना एकाच लग्नाला जायचं होतं. शेवटची अर्ध्यातून परत फिरली, पुन्हा आली. मला तिची फार दया आली. तिलाही कोणी तरी दोन तऱ्हेचं सांगितलं असणार.

मंगरूळला चिंचेखाली बसून जेवलो. भाकरी, ठेचा आणि कैरीच्या फोडी. हे डोळे पुसत होते. मी विचारलं, ठेचा तिखट झाला का? म्हणाले, नाही, धूळ गेली. उजवा डोळा पुसत होते. तो एकच चांगला डोळा धुळीने लाल झाला होता. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

वाटेवरचं ते गाव

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथले लोक चांगले होते, उगाच बोभाटा नको.

मंगरूळनंतर गाडीवाट लागली. चाकोऱ्या खोल, मधे गवताचा उंचवटा. दोन्हीकडे उपटून रचलेल्या कापसाच्या पऱ्हाट्यांचे ढीग, आणि उन्हात दूरचं सगळं हलत असल्यासारखं दिसत होतं. गावाची घरं दिसू लागली तशी डावीकडे बाभळीखाली मला एक तांबडी गाय दिसली. तिच्यापुढे वाटेला लागून तिची लहान कालवड उभी होती. यांना ती दिसणार नाही हे मला ठाऊक होतं. मी उजवी बाजू दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून ओढली.

फटफटी डावीकडे वळली.

गाय मागे उडी मारून सरली. कालवड पुढे पळाली. पाय ठेवायची लोखंडी दांडी तिच्या मागच्या पायाला लागली, तो आवाज मी ऐकला. मग आम्हीही आडवे झालो. माझा गुडघा खरचटला, हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. यांना फारसं लागलं नव्हतं. कालवड धुळीत पडली होती आणि उठायचा प्रयत्न करून पुन्हा पडत होती.

गावातून एक म्हातारी धावत आली. तिला सगळे बायजाबुढी म्हणत होते. एकटीच राहते आणि तिच्याकडे ही एकच गाय, हे मला नंतर कळलं.

"अवं माय! माही कालवड!" तिने यांना गाठलं. "काय रे, तुले एवढी मोठी गाय दिसली नाई काय? डोये हायेत का कवड्या?"

हे फटफटी उभी करायला वाकले. दिसली नाही म्हणावं, तर का दिसली नाही ते सांगावं लागलं असतं. ते मालकाच्या कानावर गेलं असतं, तर डोळा अधू असलेल्याला जीनच्या यंत्रापाशी कोण उभं करणार?

माणसं जमली. पाटील आले. गावात रहीमचाचा नावाचे एक नालबंद होते. बैलांच्या खुरांना नाल ठोकणारा माणूस, त्याला जनावरांच्या पायांची पारख असतेच. ते कालवडीपाशी बसले आणि डोळे मिटून तिचा पाय वरपासून खालपर्यंत दाबत गेले.

"हड्डी टुटली नाई," ते म्हणाले, "पन सांध्याले मार हाय. बांधून देतो. तीन रोजात पाय टेकला तं टेकला. नाई टेकला तं जनावर बसून जाते. अन् बसलेलं जनावर वाचत नाई, बुढी, खोटं कायले सांगू?"

त्यांनी बांबूच्या कामट्या आणि जुनं धोतर मागवलं. मी कालवडीचं डोकं मांडीवर धरून बसले. तिचं काळीज माझ्या हाताखाली धडधडत होतं.

पाटील म्हणाले, "मेली तं गोहत्या लागते. मंग दावं घ्या लागंन गळ्यात."

आमच्या वाशीमात हे मी नुसतं ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. ज्याच्या हातून गाय मरते त्याने तिचं दावं स्वतःच्या गळ्यात बांधायचं आणि पाच गावं भीक मागत फिरायचं. तोंडाने शब्द काढायचा नाही. दारात उभं राहून फक्त हंबरायचं.

"ज्याच्या हातानं झालं त्यानं," पाटील म्हणाले.

"माह्याच हातानं झालं," हे लगेच म्हणाले.

हात तर माझा होता. मी बायजाबुढीच्या कानाशी जाऊन म्हणाले, "मीच ओढलं."

"काय ओढलं?"

"कोट."

"कोनाचा?"

"यांचा."

बुढी मोठ्याने ओरडली, "आयका बाप्पा! हे पोरगी म्हनते का तिनं नवऱ्याचा कोट ओढला!"

सगळे हसले. मला कालवडीच्या पोटाखाली शिरावंसं वाटलं. पण आता सुरुवात झालीच होती. मी मान खाली घालून सांगितलं की गाय डावीकडे होती, मला दिसली, म्हणून मी उजवीकडे ओढलं.

हे माझ्याकडे वळले. "म्हनजे तू तिकडे जा म्हनून ओढत होती?"

"मग? कासरा कसा ओढतात?"

"मी तं समजलो, ढोर त्या बाजूनं हाय म्हनून ओढतं!"

आम्हा दोघांनाही एकदम सकाळचं गाढव आठवलं असावं. हे जन्मापासून वाशीमच्या बाजारपेठेतले, यांनी कधी कासरा हातात धरलेला नाही. आणि मला, कासरा दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने ओढता येतो हेच सुचलं नव्हतं.

मग गावातच दोन तट पडले.

"बाई बरोबर हाय," एक गाडीवाला म्हणाला. "उजवा कासरा ओढला तं बैल उजवीकडेच जाईन ना?"

"अरे, पन तो बैल हाय काय?"

"बैल नाई म्हनून तं चुकला! बैल असता तं बरोबर गेला असता."

यांचा चेहरा लाल झाला. तरी बरेच जण यांच्या बाजूचेही होते. त्यांचं म्हणणं, आपण जिकडे साप असेल तिकडे बोट दाखवतो, साप नसेल तिकडे दाखवत नाही. हेही मला खरंच वाटलं. दोन्ही खरं कसं असेल, हे काही कळेना.

"हे पाहा," पाटील शेवटी वैतागून म्हणाले, "वळवनारा हात याचा, ओढनारा तिचा. दावं कोनाच्या गळ्यात, हे आज माह्यानं सांगनं होत नाई. तीन दिसानं याच वाटेनं वापस येसान. कालवड उभी राह्यली तं बातच नाई. नाई राह्यली तं तवा ठरवू."

"अन् हे दुसऱ्या वाटेनं पयून गेले तं?" मागून कोणी तरी म्हणालं.

"पोरगी नाई पयत," बायजाबुढी म्हणाली. तिने कालवडीच्या गळ्यातलं दावं सोडलं. पळू न शकणाऱ्या जनावराला बांधायचं कशाला? ते तिने दाराशेजारच्या खुंटीला अडकवलं. मला पाणी दिलं, गुडघ्याला हळद लावली. यांना मात्र पाणी दिलं नाही. ते रहीमचाचांनी दिलं.

इंझोरी

माहेरी काय काय झालं ते खरं तर खूप लिहायला हवं, पण मी तिथे होते आणि नव्हते. आईने गोवरीच्या आरावर रोडगे भाजले. कणकेचे ते जाड गोळे फोडून वर तूप घातलं आणि बरोबर वांग्याची भाजी. वाशीमला आम्ही रोडगे करतो ते सासूबाईंच्या पद्धतीने, लहान. आईचे मोठे असतात, आत मऊ राहतात. मी एक खाल्ला. आई म्हणाली, "तीन वर्षांत तुही भूक कोनी नेली वं?" फुटलेल्या बांगड्यांच्या जागी तिने कासाराकडून नव्या भरवल्या. पडले एवढंच मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या गाडीवर बसले आणि त्याच्या हातातला कासरा मागितला. उजवा ओढला, बैल उजवीकडे गेले. डावा ओढला, डावीकडे गेले. दादा म्हणाला, "एवढं काय पाहून राह्यली? बैल बदलले काय तुह्या मागं?" मी कासरा परत दिला. मी बरोबर होते. पण मी बरोबर असूनही कालवड तिकडे पडली होती.

संध्याकाळी परसात हे म्हणाले, "दावं मी घेईन. तू मधात बोलू नको."

"हात माझा होता."

"डोया तं माहा होता ना?"

डोळ्याबद्दल हे इतकं उघड कधीच बोलले नव्हते, माझ्यापाशीसुद्धा.

मी दावं घ्यायचं ठरवलं होतं. पाच गावं न बोलता फिरायचं, याचं मला काही वाटत नव्हतं. मी एरवीही कुठे बोलते? हंबरायचं कसं, याचीच भीती होती. लोकांच्या दारात, मोठ्याने. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आखरावर गेले. आखर म्हणजे गावाची गुरं चरायला जाण्याआधी जमतात ती मोकळी जागा. गुराखी लांब होता. मी तोंडावर पदर घेऊन एकदा हळूच हंबरून पाहिलं.

एका गाईने वळून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मी घरी आले.

परतताना

त्या गावाच्या अलीकडे यांनी इंजिन बंद केलं. फटफटी ढकलत, चालत निघालो. बाभळीखाली कोणी नव्हतं. गाय नव्हती, कालवड नव्हती. मी थांबले. हेही मधेच थांबले आणि हँडल नीट धरलेलं असूनही पुन्हा नीट धरल्यासारखं केलं.

बायजाबुढीच्या दारात गाय बांधलेली होती. कालवड तिच्या पोटाशी होती. उभी होती, पण ती गाईला टेकून उभी आहे की स्वतःच्या पायांवर, ते लांबून कळेना. जवळ गेलो तशी गाय दोन पावलं सरली. कालवड जागच्या जागी डगमगली. मग तिने बांधलेला पाय खाली टेकला. उचलला. पुन्हा टेकला.

"कालपासून टेकते," बायजाबुढी दारातून म्हणाली. "लंगडंन जलमभर. पन हाय."

मी तिथेच जमिनीवर बसले. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि उजवा डोळा पुसत राहिले. या वेळी धूळ नव्हती.

रहीमचाचा आले. त्यांनी कामट्या तपासल्या, मग यांच्याकडे नीट पाहिलं. डाव्या बाजूने एक बोट यांच्या चेहऱ्याजवळ नेलं. हे हलले नाहीत. चाचांनी बोट खाली घेतलं. मला म्हणाले, "बेटी, जनावराच्या पायाकडे नोको पाहू, कानाकडे पाह्य. कान जिकडे फिरला तिकडे ते जाईन. अन् हे तुलेच पाह्यनं हाय."

बायजाबुढी खुंटीवरचं दावं घेऊन आली. मला वाटलं, आता कालवडीला पुन्हा बांधणार. तिने ते उंबऱ्यावर ठेवलं आणि विळ्याने मधोमध कापलं.

"इकडे ये रे," ती यांना म्हणाली. "कोट ओढल्यानं मानसाले काही समजत नाई. हात पुढं कर."

पाटील आणि दोन-चार जण येऊन उभे होते, कोणी तरी तोंडावर हात धरून हसत होतं. वाशीमच्या जीनचा फिटर, ज्याच्याशी मालकसुद्धा अदबीने बोलतात. मला वाटलं, आता हे रागावून फटफटी सुरू करतील. यांनी पाटलांकडे पाहिलं, कालवडीकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. बुढीने दंडांना एकेक तुकडा बांधला आणि मोकळी टोकं माझ्या हातात दिली.

"आता ज्या बाजूनं ओढंन त्या बाजूनं जाजो," ती यांना म्हणाली. "बैलावानी. इचार करू नोको."

तिने या वेळी यांनाही पाणी दिलं.

गाव मागे पडल्यावर हे दावं सोडून टाकतील असं मला वाटत होतं. मंगरूळच्या बाजारातून जाताना तरी सोडतील. लोक वळून वळून पाहत होते. यांनी सोडलं नाही.

चिंचेपाशी एक म्हैस आडवी होती. तिचा कान उजवीकडे वळला, मी डावं ओढलं, हे डावीकडे गेले. विहिरीपाशी तेच कुत्रं. शेळ्या. वाशीमच्या अलीकडे ते गाढव, अजून त्याच जागी, आता आमच्या डाव्या कडेला. घर येईपर्यंत मी पाच वेळा ओढलं आणि पाचही वेळा हे वळले. त्यातल्या एका वेळी वाटेवर काहीच नव्हतं. मी नुसती खात्री करून पाहिली.